कातर

हेल्वेला ती आठवली ते पीठ मळून झाल्यावर.
चाळणी झटकून खिळ्याला टांगलेली,
रायच्या काळ्या पिठात दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले,
नाकाला खाज सुटलेली
आणि खाजवायला तिसरा हात नाही, अशा वेळी.

ध्यानीमनी काही नव्हतं.
खिडकीबाहेर सारेमा बेटावरचा ऑक्टोबर,
जुनिपरच्या झुडपांत शिरून बसलेल्या दोन मेंढ्या,
रेडिओवर समुद्राचं हवामान.
"वारा नैऋत्येचा, जोर धरेल," म्हणाला तो माणूस,
आणि तिच्या दातांना लोखंडाची चव आली.

लोखंडाची आणि लोकरीच्या तेलाची.
विहिरीतून बादली ओढताना
बराच वेळ नुसता दोरच येत राहतो, तसं
आधी वादळ आलं,
मग पवनचक्कीचं सुटलेलं पातं,
ते बांधायला दोन्ही हात हवेत म्हणून
दातांत धरलेली कातर,
मग दातांतून काढून—
शिडीच्या वर, आडव्या तुळईवर, डाव्या हाताला.
ठेवतानाचा टक् असा आवाजसुद्धा.

एकतीस वर्षं हा टक् कुठे होता?

तेव्हा तिनं गोठा पालथा घातला होता,
सॉनाच्या बाकाखाली पालथी पडून पाहिलं होतं,
गवताच्या गंजीत हात घालघालून
मनगटं सोलून घेतली होती.
बापानं ठोकून घडवलेली कातर,
हाताची मूठ तिच्या मुठीला ओळखायची.
शोधून शोधून थकला की माणूस
वस्तू शोधायचं सोडतो, चोर शोधायला लागतो.
चोर लगेच सापडतो.

लेइदा. भावाची बायको, दगडी बांधापलीकडची.
दोनदा मागून नेली होती, दोनदा परत केली होती,
तिसऱ्यांदाही केली, असं म्हणाली.
"म्हणतेस खरी," हेल्वे म्हणाली.
आळ घ्यायला दोन शब्द पुरतात.

मग अबोला.
देश बदलला, नोटा बदलल्या,
त्या नोटाही पुन्हा बदलल्या,
अबोला मात्र जुन्याच चलनात चालू राहिला.
भाऊ गेला तेव्हा खड्ड्याच्या या कडेला एक, त्या कडेला एक.
नंतर लेइदा मुलीकडे गेली, पर्नूला,
आणि बांध सांभाळायला एकटं शेवाळ उरलं.

हात न धुताच हेल्वे निघाली.
चक्कीला आता पाती नाहीत, शिडीला दोन पायऱ्या कमी,
गुडघे चौऱ्याहत्तर वर्षांचे.
तुळईवर धूळ, गांधीलमाशीचं रिकामं घर,
मग गार काहीतरी.
गंजून मिटली होती,
उघडायला पाहिलं तर उघडेना.

नंबर शोधण्यात संध्याकाळ गेली.
"लेइदा, कातर सापडली."
"कोण बोलतंय?"
"हेल्वे. कातर सापडली. मीच ठेवली होती."
"कुठली कातर?"

लेइदा आडमुठेपणा करत नव्हती.
तिला आठवत नव्हतं, खरोखर नव्हतं.
हेल्वेनं वादळ सांगितलं, पातं सांगितलं,
ते दोन शब्दही सांगितले, जरा अडखळत.
पलीकडे कुणीतरी बशीवर चमचा ठेवला.

"त्यावरून होय?" लेइदा म्हणाली.
"मी आपली समजत होते, चाळणीवरून."
"कसली चाळणी?"
"माझी. बारीक तारेची, कडेला तांब्याची पट्टी.
नाताळच्या आधी नेलीस ती दिलीच नाहीस.
मी मागितली नाही. म्हटलं, चाळणीसाठी
कुठे तोंड उघडायचं."

हेल्वेनं मान वळवली.
खिळ्यावर ती. तांब्याची पट्टी
रोजच्या पुसण्यानं चकचकीत,
जाळीत आज सकाळचं पीठ.

"आहेस ना?" लेइदा विचारत होती,
"अगं, आहेस ना?"
आणि ओट्यावर पीठ केव्हाचं फुगून
काथवटीच्या कडेवरून
सावकाश खाली उतरत होतं.